सेकंड हँड रोड बाइक घ्यायची आहे : बजेट ४० हजार, सिंहगड आणि पहिली २०० ची ब्रेव्हे

नऱ्हेकरीण :

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सध्या एक हायब्रिड आहे. सरळ हँडल, पुढे सस्पेन्शनचा चिमटा, ३८ मिमीचे टायर, वजन पंधरा किलोच्या आसपास. शाळा सुटल्यानंतर सायकल जी सुटली ती नोकरी लागल्यावर पुन्हा हातात आली, त्यामुळे मी तशी नवीनच आहे. शनिवार-रविवार खडकवासला, पानशेत, कधी कात्रजचा जुना घाट एवढं होतं. ग्रुपमधले बाकी सगळे रोड बाइकवर असतात. सपाटीला वेग २५ च्या पुढे गेला की त्यांच्या मागे टिकून राहणं मला जड जातं.

मनात दोन गोष्टी आहेत. येत्या हिवाळ्यात पुण्यातून निघणारी २०० किमीची ब्रेव्हे (वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची सायकल फेरी) वेळेत पूर्ण करायची आणि सिंहगड पाय न टेकता चढायचा. बजेट सगळं मिळून ४० हजार, त्यापुढे एक रुपया नाही. मनासारखी नवी रोड बाइक यात बसत नाही म्हणून वापरलेली शोधतेय. उंची १६५ सेमी, पायाची आतून लांबी ७५ सेमी, वजन ५८ किलो.

तीन जाहिरातींवर येऊन थांबले आहे. पहिली बाणेरची : कार्बन फ्रेम, शिमानो १०५ चा ५८०० ग्रुपसेट (गियर आणि ब्रेकचा संच), ११ स्पीड (मागे ११ चक्रं), २०१६ ची, साइज ५६. मागणी ४५ होती, फोनवर ४० म्हणाले. दुसरी कोथरूडची : जायंट कंटेंड ३, क्लॅरिस (शिमानोचाच साधा ग्रुपसेट), ८ स्पीड, २०१९ ची, साइज एस, ३२ हजार. मालक म्हणतात लॉकडाऊनमध्ये चालवली, नंतर बाल्कनीत उभीच आहे. तिसरी पिंपरीची : अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, जुनी सोरा (क्लॅरिसच्या एक पायरी वरचा ग्रुपसेट) ९ स्पीड, पुढच्या चक्रांना ५३/३९ दात, मागे १२-२५, साइज ५२, फक्त १९ हजार.

मला फोटो बघून काही कळत नाही. कोणती बघायला जाऊ आणि गेल्यावर नेमकं काय बघू?

वेगवान :

माझं मत पहिलीला. ४० हजारात कार्बन आणि १०५ एकत्र रोज मिळत नाही. क्लॅरिस घेतली की वर्षभरात पुन्हा वरचं काहीतरी हवंसं वाटतं आणि दुसऱ्यांदा खर्च होतो. ११ स्पीडमध्ये गियरमधलं अंतर कमी असतं, ब्रेक ठाम लागतात, कार्बनचा चिमटा रस्त्याची थरथर बरीच शोषून घेतो. साइज थोडी मोठी आहे हे मान्य, पण आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) टाकून जमवता येईल.

सातारारस्ता :

नऱ्हेकरीण, माझी उंची तुमच्याएवढीच आहे म्हणून कळकळीनं सांगते : ५६ ची फ्रेम बघायलासुद्धा जाऊ नका. मोठी फ्रेम म्हणजे फक्त हँडल लांब जाणं नव्हे. वरचा दांडा उंच येतो, सिग्नलला उतरताना अडचण होते. हँडल ४२ किंवा ४४ सेमी रुंद असतं, तुमच्या खांद्यांना ३८ ते ४० पुरतं. क्रँक (पायडलचा दांडा) बहुतेक वेळा १७२.५ मिमी असते, तुम्हाला १६५ ते १७० बरी. ११० मिमीचा स्टेम काढून ६० चा लावला तर हात पोचतील, पण हँडल चंचल होतं आणि बाकीची मापं तशीच राहतात.

यवतेश्वरचा घाट उतरताना हँडलच्या खालच्या वाकाला धरून दोन बोटांनी ब्रेक दाबता आला पाहिजे. फ्रेम मोठी असली की बाई हुडवर (ब्रेकच्या लिव्हरच्या रबरी मुठीवर) हात ठेवूनच उतरते, तिथून ब्रेकला पूर्ण जोर मिळत नाही, मनगटं भरून येतात आणि मग उताराचीच भीती बसते. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं अशाच मोठ्या फ्रेमपायी रोड बाइक सोडून दिली होती. नंतर एक्सएस साइजची साधी सायकल मिळाली आणि आता ती कासपर्यंत जाऊन येते.

एक सोपं गणित करून जा. पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस फ्रेममध्ये बसतो त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची. तुमचं ७५ चं ६६ सेमी येतं. तिथे गेल्यावर टेपनं मोजून सीट त्या उंचीला लावायला सांगा आणि मगच बसा. मालकाच्या उंचीला लावलेल्या सीटवर बसून काहीच कळत नाही.

घाटवेडा :

सातारारस्ता यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी गियरबद्दल लिहितो, कारण सिंहगड चढायचा आहे आणि पुण्याच्या बऱ्याच बाजूंनी बाहेर पडलं की घाट लागतोच.

तिसऱ्या सायकलला पुढे सर्वात लहान चक्र ३९ चं आणि मागे सर्वात मोठं २५ चं. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या, ज्या चढावर कमीच म्हणायच्या, तरी वेग ताशी पावणेबारा किमी होतो. तुम्ही आणि सायकल मिळून ७० किलो धरले तर ८ टक्क्यांच्या चढावर या वेगाला १९० वॅटच्या आसपास ताकद सतत लावावी लागेल. नव्या माणसाला ती तासभर झेपत नाही. मग फेऱ्या ५० वर, ४० वर येतात आणि गुडघ्यांवर भार येतो.

आता पुढे ३४ आणि मागे ३२ धरा. एका फेरीला सव्वादोन मीटर, ६० फेऱ्यांना वेग ताशी ८ किमी, ताकद १३० वॅटच्या आसपास. डोणज्याकडून चढताना मधले काही चढ दहा टक्क्यांच्या वर आहेत, तिथे हाच फरक पाय टेकायचा की नाही हे ठरवतो. म्हणून जाहिरातीत ग्रुपसेटचं नाव वाचण्याआधी दात मोजा. पुढे ५०/३४, मागे किमान ३०, शक्यतो ३२ किंवा ३४.

तिसरीला मागे मोठी कॅसेट (चक्रांचा संच) टाकता येईल का, असा प्रश्न पडेल. जुन्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेल्यूरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) २७-२८ च्या वर बहुधा झेपत नाही. मग डिरेल्यूर, कॅसेट, चेन, पुढचा क्रँक असं करत १९ ची सायकल ३० वर जाते आणि तरी जुनीच राहते.

जुना_पुणेकर :

मी थोडं वेगळं सुचवतो. २०० च्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटं मिळतात. थांबे धरून सरासरी ताशी १५ किमीसुद्धा लागत नाही. हायब्रिडला बंदी नाही; माणसाच्या ताकदीवर चालणारी कुठलीही सायकल चालते. तुमच्या हायब्रिडला ३२ मिमीचे गुळगुळीत टायर टाका, सस्पेन्शन लॉक होत असेल तर लॉक करा, सीटची उंची नीट लावून घ्या. तीन-चार हजारांत सायकल ओळखू येणार नाही इतकी बदलेल. पहिली २०० तिच्यावर करा आणि मग ठरवा. या शहरात एके काळी सगळं शहर सायकलवर कामाला जायचं, तेही पाच किलोचं कुलूप-साखळी घेऊन आणि मागे कॅरियरवर कोणाला तरी बसवून.

घाटवेडा :

काका, ब्रेव्हेपुरतं पटतं. पण हातांचा प्रश्न राहतो. सरळ हँडलवर हात धरायला एकच जागा, सात-आठ तासांनी तळहात बधिर होतात. वाकड्या हँडलवर तीन-चार जागा मिळतात आणि समोरून वारा असेल तेव्हा खाली वाकता येतं. शिवाय त्यांना ग्रुपबरोबर चालवायचं आहे. टायर बदलायचा सल्ला मात्र उत्तम. हायब्रिड विकू नका, टायर बदलून पावसाळ्यासाठी ठेवा.

छर्रे_आणि_ग्रीस :

कोल्हापूरहून नमस्कार. वडिलांचं सायकलचं दुकान, आता मी गियरच्या सायकलींचं काम बघतो. बघायला गेल्यावर काय बघायचं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी सायकल धुतलेली बघायला मागा. चिखल आणि तेलाखाली सगळं लपतं. दिवसाउजेडी जा, इमारतीच्या तळघरात टॉर्च मारून फ्रेम तपासू नका. सुरुवात पुढून. हँडलखालच्या नळीला खालचा दांडा जिथे मिळतो तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर ती सायकल समोरून आदळलेली आहे. तिथेच व्यवहार थांबवा, किंमत कितीही कमी होऊ दे. मग बॉटम ब्रॅकेटच्या भोवती, सीटचा दांडा जिथे आत जातो तिथे आणि चेनच्या बाजूच्या मागच्या दांड्यावर बघा. नुसता रंग तडकलाय की धातू, हे नखानं कळतं. भेगेत नख अडकलं तर धातू गेलाय असं समजा. कार्बन असेल तर नाण्यानं हळू टकटक करत जा. आवाज एका जागी अचानक बसका झाला तर आतले थर सुटलेले असू शकतात. कार्बनची खात्री घरी होत नाही, म्हणून नवीन माणसानं ओळखीतल्याकडून सोडून वापरलेला कार्बन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट (हँडलच्या मुळाशी असलेले छर्रे-वाट्या) ढिला आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर येऊन खटकन बसत असेल तर छर्ऱ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. क्रँक धरून आत-बाहेर ओढा. हालली तर बॉटम ब्रॅकेट गेला. चुडीचा (आट्यांचा) असेल तर काम स्वस्तात होतं, दाबून बसवलेला असेल तर करकर आवाजाची तक्रार पुन्हा पुन्हा येते.

चाक फिरवून ब्रेकच्या गुटक्यातून बघा. दोन-तीन मिलिमीटरचा आऊट (चाकाची डगमग) असेल तर निघतो. पण रिंगची बाजू बोटाला आत दबलेली, वाटीसारखी लागली तर रिंग झिजलीय. बऱ्याच रिंगना बाजूला बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो दिसेनासा झाला की रिंग बदलायची. हे लोक विसरतात कारण सगळं लक्ष गियरवर असतं. चाक बदलायचा खर्च चेनच्या कित्येक पट आहे बघा.

चेन मोजायला स्टीलची फूटपट्टी न्या. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवला की बारा इंचांवर बरोबर दुसरी पिन यायला पाहिजे. पिन एक सोळांश इंच पुढे गेली तर चेन अर्धा टक्का ताणलीय, एक अष्टमांश गेली तर एक टक्का. ११ स्पीडला अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलायची, ८-९ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. एक टक्का झालेली चेन कॅसेटलाही घेऊन जाते, म्हणजे दोन्ही नवं धरा. नुसती चेन नवी टाकून विकणारेही असतात. त्यासाठी रस्त्यावर जोर लावून चालवून बघा; जुन्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते.

शेवटी लिव्हर. प्रत्येक गियर वर आणि खाली, दोन्ही बाजूंनी. ५८०० आणि अल्टेग्रा ६८०० च्या उजव्या लिव्हरमध्ये गियरची केबल कडक वळण घेते आणि डोक्यापाशी तिचे तंतू सुटतात. गियर जड पडू लागला की ती काढून बघायची, कारण तुकडा आत अडकला तर काढताना फार वेळ जातो. फार दिवस उभ्या सायकलीत लिव्हरमधलं ग्रीस घट्ट होतं आणि लिव्हर नुसतीच हलते, दातं धरत नाही. त्याला उपाय आहे, घाबरू नका. पण विकणाऱ्याला सांगा, किंमत कमी होते.

जाताना ४० तले आठ-दहा हजार बाजूला काढून जा. चेन, कॅसेट, सगळ्या केबल, गुटके, हँडलची पट्टी, दोन टायर आणि पूर्ण ओव्हरहॉलिंग एवढं कुठल्याही उभ्या राहिलेल्या सायकलला लागतंच.

दादरसमुद्र :

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मुंबई, ठाणे किंवा कोकणातून येणाऱ्या सायकलींबद्दल भर घालतो. खाऱ्या हवेत आरे जिथे रिंगमध्ये जातात ती टोकं पांढरी पडतात आणि आऊट काढताना फिरण्याऐवजी तुटतात. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून चिकटतो, विशेषतः स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा दांडा असेल तर. म्हणून सीट वर-खाली करून दाखवायला सांगाच.

दुसरं म्हणजे घरात ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड) चालवलेली सायकल. विकणारा अभिमानानं सांगतो की रस्त्यावर गेलीच नाही. पण घाम थेंब थेंब हँडलवर आणि हेडसेटच्या बोल्टवर पडत राहतो आणि मिठामुळे हँडलच्या पट्टीखालचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. एका मित्रासाठी बघायला गेलो होतो तिथे पट्टी उलगडून बघितली तर ब्रेकच्या केबलजवळ पांढरी भुकटी आणि खाली टोचल्यासारखे खड्डे होते. वरून सायकल नवी कोरी दिसत होती. हँडल मोडलं तर चेहऱ्यावरच पडतो माणूस. स्टेमचे आणि हेडसेटच्या टोपणाचे बोल्ट गंजलेले दिसले तर पट्टी उलगडून दाखवायला सांगायला संकोच करू नका, नवी पट्टी हजाराच्या आत येते.

वेगवान :

साइजबद्दलचं सगळ्यांचं म्हणणं पटलं. १६५ ला ५६ नकोच, मी ते पुरेसं गांभीर्यानं लिहिलं नव्हतं. माझा आग्रह एवढाच की चांगला ग्रुपसेट बरीच वर्षं साथ देतो. मला स्वतःला अल्टेग्रा ६८०० ची एक ५४ साइजची सायकल ओळखीतून मिळते आहे, तीही इथेच विचारतो.

छर्रे_आणि_ग्रीस :

घ्या, पण क्रँक तपासूनच. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोनं ११ स्पीडच्या अल्टेग्रा ६८०० आणि आर८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर९१०० या मालिकांमधल्या हॉलोटेक क्रँकची तपासणी जाहीर केली. जुलै २०१९ च्या आधी बनलेल्या क्रँक यात येतात. त्या दोन भाग चिकटवून केलेल्या आहेत, ते सुटू शकतात आणि क्रँक तुटू शकते. आर्मच्या आतल्या बाजूला दोन अक्षरांचा कोड असतो, तो अधिकृत दुकानात दाखवून तपासणीच्या यादीत बसतो का बघायचं. तपासणी झाली असेल तर मालकाकडे त्याचा कागद मागा. १०५ या यादीत नाही.

गोदाकाठ :

नाशिकहून. सायकलला आरसी बुक नसतं, म्हणून चोरीची सायकल सहज हातोहात जाते. मूळ बिल मागाच. त्यावरचा फ्रेम नंबर आणि बॉटम ब्रॅकेटच्या खाली ठोकलेला नंबर जुळला पाहिजे. सायकल उलटी करून स्वतः वाचा, फोटोवर विसंबू नका. नंबर घासलेला असेल तर परत फिरा. बिल हरवलं असेल तर कुठल्या दुकानातून घेतली ते विचारा, बऱ्याच दुकानांच्या संगणकात नोंद सापडते. पैसे देताना साध्या कागदावर विक्रीची पावती : तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत. पैसे बँकेतून द्या. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही.

किमतीबद्दल दोन गोष्टी. बहुतेक ब्रँडची फ्रेमवरची आजीवन वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते, ती तुमच्याकडे येत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. विकणारे जुन्या बिलाचा आकडा दाखवून वापरलेलीचा भाव सांगतात. तुम्ही आज तीच किंवा तिच्या बरोबरीची नवी केवढ्याला मिळते ते दुकानात विचारून जा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सायकलींना जी मागणी आली तेव्हाच्या कितीतरी सायकली आज बाल्कनीत उभ्या आहेत. घाई विकणाऱ्याला आहे, तुम्हाला नाही.

नऱ्हेकरीण :

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पहिलीच्या मालकांना नको म्हणून कळवलं. काल कोथरूडला जाऊन दुसरी बघून आले, फूटपट्टी आणि टेप घेऊन.

साइज एस, सीट ६६ ला लावून बसले. हुडवर हात सहज पोचतात, कोपरं थोडी वाकलेली राहतात. खालच्या वाकातून ब्रेक दाबता येतो पण बोटं ताणावी लागतात. पुढे ५०/३४, मागे सर्वात मोठ्या चक्राचे ३२ दात मोजले. हँडलखाली बोट फिरवलं, रंग गुळगुळीत आहे. फ्रेम नंबर बिलाशी जुळला. रिंगच्या बाजू सपाट लागल्या. हेडसेट, क्रँक हालत नाहीत. सीटचा दांडा वर-खाली होतो.

खटकलेलं सांगते. चेन बारा इंचांवर एक अष्टमांशाच्या जरा अलीकडे आली. टायरच्या कडांना बारीक भेगा आहेत. मागच्या चाकाला आऊट आहे. आणि डाव्या लिव्हरचं छोटं पातं दाबलं की काहीच होत नाही, पुढचं चक्र मोठ्यावरून लहानावर येतच नाही. मालक म्हणाले नवी लिव्हर लागेल बहुतेक. काका चांगले आहेत, मुलाची सायकल आहे, तो बाहेरगावी गेला. मी घरी विचारून सांगते म्हटलं.

छर्रे_आणि_ग्रीस :

नव्वद टक्के घट्ट ग्रीसच आहे. हूडचं रबर मागे सारा, लिव्हर दाबून धरली की आतली यंत्रणा दिसते. केबल सैल करून तिथे डब्ल्यूडी-४० सढळ मारा, खाली फडकं धरा. मग पातं पंचवीस-तीस वेळा दाबत राहा, पुन्हा मारा, पुन्हा दाबा. काळपट पाणी निघेल. हळूहळू एक-एक दातं धरायला लागेल. पूर्ण चालू झालं की पातळ तेलाचे थेंब सोडा, कारण डब्ल्यूडी-४० नं सगळं वंगण धुऊन जातं. तरीही नाही झालं तर लिव्हर नवी, म्हणून भाव करताना ती गेलीच असं धरून करा. सायकल घ्यायच्या लायकीची आहे. २५ ते २७ च्या मध्ये मिळाली तर सोडू नका.

सातारारस्ता :

बोटं ताणावी लागतात म्हणालात त्यावर : क्लॅरिसच्या लिव्हरला हँडलजवळ आणायची सोय आहे, मेकॅनिकला लिव्हरचा रीच कमी करून द्या म्हणा. त्यानंतर ब्रेकची केबल पुन्हा लावून घ्यायची, नाहीतर लिव्हर हँडलला टेकते. आणि सीट पहिल्याच आठवड्यात बदलू नका. हायब्रिडपेक्षा तुम्ही पुढे झुकणार आहात, बसायची हाडं वेगळ्या जागी टेकतात. महिनाभर चालवा, मग दुखलं तर मधे खाच असलेली सीट बघा.

नऱ्हेकरीण :

घेतली! २६ हजारांना ठरलं. काकांना चेनला फूटपट्टी लावून दाखवली, टायरच्या भेगा दाखवल्या, ते लगेच तयार झाले. पावती केली, पैसे यूपीआयनं दिले. लिव्हरवर मेकॅनिकनं तुम्ही सांगितलं तसंच केलं आणि ती चालू झाली, नवी लागली नाही. चेन, कॅसेट, केबल, गुटके, पट्टी, आऊट काढणं आणि ओव्हरहॉलिंग मिळून साडेसहा हजार झाले. टायर अजून घ्यायचेत. २५ चे घेऊ की २८ चे?

घाटवेडा :

मनापासून अभिनंदन! २८ बसत असतील तर २८ च. ब्रेकच्या कमानीखाली आणि मागच्या दांड्यांमध्ये टायरच्या भोवती किमान ४ मिमी जागा राहते का ते आधी मोजा, पावसाळ्यात चिखल तिथेच अडकतो. तुमच्या वजनाला मागे ७० पीएसआय, पुढे ६५ पुष्कळ झालं. शंभर भरायची जुनी सवय दुकानात अजून आहे, त्यानं खडबडीत रस्त्यावर सायकल उडते आणि वेगही वाढत नाही.

उरलेल्या पैशात आधी पुढचा आणि मागचा चांगला दिवा आणि चमकणारं जॅकेट. ब्रेव्हे पहाटे अंधारात सुटते, त्यामुळे दिवे तपासून मगच सोडतात. पायडल आहेत तेच राहू द्या, क्लीटचं (बूट पायडलला अडकवायची सोय) पुढच्या वर्षी बघू. नव्या केबल सुरुवातीला ताणतात, पंधरवड्यानं गियर चुकू लागले तर घाबरू नका. डिरेल्यूरजवळ केबल जिथे शिरते तिथली गोल चकती अर्धा-अर्धा फेरा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा, आवाज बंद होतो.

चिंचवडगाव :

धागा सुरुवातीपासून वाचतोय, खूप उपयोग झाला. नऱ्हेकरीण यांनी सोडलेली ती पिंपरीची ५२ साइजची सोरा मला चालेल का? उंची १६८, रोज हिंजवडीला कामावर जायचं, रस्ता जवळजवळ सपाट. घाट करायचा विचार नाही. बजेट २५ च्या आत.

घाटवेडा :

तुमच्या वापराला ५३/३९ अजिबात अडचणीचं नाही, फक्त उड्डाणपुलांना जरा जोर लागेल. ९ स्पीडची चेन आणि कॅसेट अजून सर्रास मिळते. १९ सांगतायत म्हणजे १६ पर्यंत यावी. मात्र सायकल जुनी आहे, तेव्हा छर्रे_आणि_ग्रीस यांनी सांगितलेली रिंगची बाजू आणि खालच्या दांड्याची जोडणी ही दोन ठिकाणं सगळ्यात आधी बघा. मागे मडगार्ड लावायला भोकं आहेत का तेही बघा, कामावर जायचं तर जूनमध्ये लागतील.

नऱ्हेकरीण :

चिंचवडगाव, पिंपरीच्या मालकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ते संध्याकाळी सातनंतर फोन उचलतात, पण सायकल बघायला मात्र सकाळीच जा, पार्किंगमध्ये उजेड नाही.